झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागाच

पुणे जिल्ह्यातल्या केंदूर गावाहून शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जाणारी तरुण मुलं-मुली आता डब्याबरोबर लॅपटॉपही सॅकमध्ये टाकतात. पाळी संपली की झाकण मिटायचं, सॅक पाठीवर घ्यायची आणि गाडी गावाकडे वळवायची. घरी येऊन सॅक उघडावी तर लॅपटॉप हाताला चटका देतोय, पंखा घोंघावतोय आणि दुपारी भरलेली बॅटरी पार उतरलेली. हीच तक्रार झेडपीच्या शाळेतले शिक्षक करतात, महा ई-सेवा केंद्रात सातबारा आणि दाखले काढून देणारेही करतात. त्यावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारा सल्ला एकच असतो, ‘फॉरमॅट मारून घे.’

या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. लॅपटॉप का झोपत नाही, त्याला कोण जागं ठेवतं, झोपलेल्याला मध्येच कोण उठवतं, याची बरीचशी नोंद तो स्वतःच ठेवत असतो. ती वाचायला पैसे लागत नाहीत, इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. आधी ती नोंद वाचावी आणि मगच यंत्राला हात लावावा. या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा फॉरमॅटची पाळीच येत नाही.

झोप म्हणजे यंत्राच्या आत नेमकं काय होतं, हे आधी पाहू. आपण उघडलेल्या फायली, ब्राउझरची पानं, अर्धवट भरलेला ऑनलाइन अर्ज हे सगळं रॅममध्ये असतं. रॅमच्या चिपमध्ये माहितीचा प्रत्येक कण म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार. हा भार गळतो. गळक्या माठात सारखं पाणी ओतत राहावं, तसा तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, साधारण दर 64 मिलिसेकंदांत एकदा, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना 1966 मध्ये सुचली, 1968 मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजही आपल्या लॅपटॉपची रॅम त्याच तत्त्वावर चालते. जुन्या पद्धतीच्या झोपेत प्रोसेसर, पंखा, डिस्क, पडदा सगळं बंद होतं; वीज फक्त ही रॅम जिवंत ठेवण्यापुरती आणि उठवणारा इशारा ऐकण्यापुरती वापरली जाते. म्हणून अशा झोपेत बॅटरी फार हळू उतरते. हायबरनेट म्हणजे याच्या पुढची पायरी. त्यात रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून घेतात आणि मग यंत्र जवळजवळ पूर्ण बंद करतात. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी जवळपास खर्च होत नाही.

ही झोप कोणाच्या हुकमावर चालते, हे बदलत आलेलं आहे. 1992 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात वीज वाचवण्याचे निर्णय मुख्यतः बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, घ्यायचा. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नवा करार प्रसिद्ध केला आणि हे निर्णय विंडोजसारख्या कार्यप्रणालीकडे आले. झोपेचे टप्पे एस-1 ते एस-5 असे ठरले. आपल्या ओळखीची झोप म्हणजे एस-3, हायबरनेट म्हणजे एस-4 आणि पूर्ण बंद म्हणजे एस-5. हा करार चांगला होता, पण त्याला एक अट होती. यंत्रातल्या प्रत्येक भागाने आणि त्या प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरने, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो पाळायला हवा. आवाजाच्या चिपचा, वायफायचा, ग्राफिक्सचा, यांपैकी एक जरी ड्रायव्हर ‘मी अजून कामात आहे’ म्हणत बसला, तरी सगळं यंत्र जागं राहतं.

मोबाइल आल्यावर लोकांना वाटू लागलं, लॅपटॉपही फोनसारखा चटकन उजळावा. म्हणून 2012 साली विंडोज 8 बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं आणि विंडोज 10 मध्ये त्याचं ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं. यात यंत्र खऱ्या अर्थाने बंद होत नाही. पडदा विझतो, प्रोसेसर अगदी मंद होतो, पण मेल, अपडेट आणि नेटसाठी तो अधूनमधून जागा होऊ शकतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमधून जुनी एस-3 झोप काढूनच टाकलेली आहे. सॅकमध्ये तापणाऱ्या लॅपटॉपचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. माझ्या मते ही अदलाबदल ग्राहकाला नीट समजावून न सांगता झाली. फोनला पंखा नसतो, तो उघड्यावर किंवा खिशात राहतो. लॅपटॉप मात्र जाड सॅकमध्ये, वह्या आणि डब्याच्या मध्ये कोंबला जातो. तिथे तो जागा झाला तर आतली गरम हवा जाणार कुठे?

म्हणून पहिला प्रश्न हा, की आपल्या यंत्रात कोणती झोप आहे. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सीएमडी’ लिहा, ‘कमांड प्रॉम्प्ट’वर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात रोमन लिपीत, अक्षरांमध्ये जागा न सोडता पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी लिहा, मग एक जागा, मग तिरपी रेघ आणि लगेच ‘ए’ हे अक्षर. एंटर दाबा. कोणते टप्पे उपलब्ध आहेत आणि कोणते नाहीत, याची यादी येते. नाहीत त्यांचं कारणही तिथेच छापलेलं असतं. ‘एस-3’ दिसलं तर झोप जुनी, ‘एस-0 लो पॉवर आयडल’ दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. पुढच्या सगळ्या तपासाची दिशा यावरून ठरते. यापुढे मी ‘पॉवरसीएफजी’ म्हणेन तेव्हा हीच आज्ञा समजायची, फक्त तिरप्या रेघेपुढचा शब्द बदलेल.

आता केंदूरसारख्या गावातली एक खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलेल्या सल्ल्यांत क्वचित सापडते. विंडोजमध्ये झोपेच्या वेळा दोन ठिकाणी वेगवेगळ्या ठरवलेल्या असतात, बॅटरीवर असताना एक आणि चार्जर लावलेला असताना दुसरी. झाकण मिटल्यावर काय करायचं, तेही दोन्हींसाठी वेगळं असतं. गावात लाइट येते-जाते, मळ्यातल्या वस्तीवर तर तिचा भरवसा आणखी कमी. संध्याकाळी चार्जर लावून, झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप लाइट असेपर्यंत एका नियमाने वागतो आणि लाइट गेली की दुसऱ्या. चार्जरवर असताना ‘नेव्हर’ किंवा ‘डू नथिंग’ निवडलेलं असेल, तर लाइट असेपर्यंत तो झोपणार नाही आणि लाइट गेल्यावर बॅटरीवरची ठरलेली वेळ भरली की झोपेल. वापरणाऱ्याला मात्र वाटतं, याचं डोकं फिरलंय, कधी झोपतो, कधी नाही. यंत्र बिघडलेलं नसतं, ते सांगितलेलंच करत असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ आहे, तिथले दोन्ही रकाने एकदा नीट वाचा. काही लॅपटॉपवर चार्जरमध्ये वीज आल्याबरोबर पडदाही उजळतो. रात्री वारंवार लाइट जाऊन येत असेल, तर तेवढ्यानेच तो पुन्हा पुन्हा उठलेला दिसतो. उघडझाप फार असेल तर रात्री चार्जर काढून ठेवणं बरं.

रकाने बरोबर असूनही झोपत नसेल, तर त्याला विचारायचं, कोणी अडवलंय? त्याच काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरपी रेघ आणि ‘रिक्वेस्ट्स’. उत्तरात ‘डिस्प्ले’, ‘सिस्टिम’ अशी काही शीर्षकं येतात. प्रत्येकाखाली ‘नन’ असेल तर त्या क्षणी कोणी अडवत नाही. नाही तर अडवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. सर्वांत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे आवाज. ब्राउझरच्या कुठल्या तरी मागच्या पानावर व्हिडिओ किंवा भजनांची यादी चालू राहिलेली असते, स्पीकर बंद असतो म्हणून आपल्याला कळत नाही. इथे मात्र ‘ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. शाळेत किंवा सेवा केंद्रात एका लॅपटॉपचा फोल्डर दुसऱ्याला नेटवर्कवर दिलेला असेल आणि पलीकडे त्यातली फाइल उघडी असेल, तरी पहिला झोपत नाही. तसं नसतं तर पलीकडचं काम अर्धवट तुटलं असतं, म्हणजे हा दोष नव्हे, राखण आहे. मॅक वापरणाऱ्यांना हीच माहिती ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधल्या ‘एनर्जी’ भागात ‘प्रिव्हेंटिंग स्लीप’ या रकान्यात मिळते.

झोपतो, पण मध्यरात्री आपोआप उठतो, ही वेगळी तक्रार. तिचा तपासही वेगळा. उठल्या उठल्या ‘लास्टवेक’ हा शब्द जोडून तीच आज्ञा द्या, बऱ्याचदा शेवटचं कोणी उठवलं ते कळतं. ‘वेकटायमर्स’ जोडलं तर पुढे उठवण्यासाठी कोणी गजर लावून ठेवलेत त्यांची यादी येते. त्यात बहुधा विंडोज अपडेट किंवा देखभालीची कामं असतात. आणि ‘डिव्हाइसक्वेरी’, मग एक जागा, मग ‘वेक, अधोरेषा, आर्म्ड’ असं लिहिलं, की उठवायची परवानगी असलेल्या साधनांची नावं मिळतात: माउस, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड. ऑप्टिकल माउस चकचकीत टेबलावर असेल, तर नुसत्या हादऱ्यानेही त्याचा बाण हलतो आणि लॅपटॉप उठतो. उपाय साधा आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या साधनावर दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर जा आणि संगणकाला उठवू देण्याची खूण काढा. कीबोर्डची राहू द्या. गजरांचं म्हणाल, तर ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत यादीत ‘स्लीप’खाली ‘अलाउ वेक टायमर्स’ आहे, ते बंद करता येतं.

मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपसाठी याहून उत्तम साधन आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरपी रेघ आणि ‘स्लीपस्टडी’, दोन शब्द जोडून. गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला ते खाली छापलं जातं. ब्राउझरमध्ये उघडला की प्रत्येक झोपेची वेळ, किती मिनिटं, बॅटरी किती उतरली आणि त्या काळात सगळ्यांत जास्त जागं कोण होतं, हे सगळं रंगांसह दिसतं. यंत्र खरोखर खोल झोपेत किती टक्के वेळ होतं, तेही असतं. तो आकडा शंभराच्या जवळ हवा. फार कमी असेल, तर खालच्या यादीत सर्वांत वर ज्याचं नाव आहे, तिथून सुरुवात करायची. वायफायचं नाव असेल तर वायफायचा ड्रायव्हर, ब्लूटूथचं असेल तर ब्लूटूथचा.

बॅटरी किती उतरली तर ठीक, याचा हिशेब घरी मांडता येतो. समजा बॅटरी 50 वॅट-तासांची आहे. रात्रीच्या आठ तासांत ती 5 टक्के उतरली, म्हणजे अडीच वॅट-तास गेले, म्हणजे सरासरी 0.3 वॅट. ही खरी झोप. तीच 30 टक्के उतरली, तर पंधरा वॅट-तास गेले, सरासरी जवळपास 2 वॅट. कोणी तरी रात्रभर जागं होतं. आणि दोन तासांच्या प्रवासात 40 टक्के गेली, तर सरासरी 10 वॅट, म्हणजे झोप लागलीच नव्हती, झाकणाखाली यंत्र पूर्ण कामात होतं.

आता फॉरमॅटबद्दल. फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकलं की लॅपटॉप दोन दिवस हलका वाटतो, हे खरं. पण घाईत टाकलेल्या विंडोजमध्ये कंपनीचा ग्राफिक्स ड्रायव्हर नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पडद्याच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असं नाव दिसतं. हा कामचलाऊ ड्रायव्हर चित्र दाखवतो, पण बऱ्याच यंत्रांत त्याच्यासह झोप मिळत नाही. पॉवरच्या बटणाखालून ‘स्लीप’ हा पर्यायच गायब होतो. म्हणजे झोपेच्या तक्रारीवर फॉरमॅट मारला आणि झोप समूळ गेली. शिवाय फोटो गेले, मुलांचे प्रकल्प गेले, ते निराळंच. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला मॉडेलचं पूर्ण नाव असतं. ते कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ग्राफिक्स, चिपसेट आणि वायफायचे ड्रायव्हर आणि बायोसची नवी आवृत्ती उतरवून घेणं हा त्याहून पुष्कळ चांगला मार्ग. बायोस बदलताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही चांगली भरलेली हवी. मध्येच वीज तुटली तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. ज्यांच्या बॅटरीत दमच उरलेला नाही, त्यांनी लाइटचा भरवसा नसताना बायोसच्या वाटेला जाऊ नये.

याआधी मात्र एक अगदी सोपी गोष्ट करून पाहा, रीस्टार्ट. ‘मी तर रोज बंद करतो’ असं अनेक जण सांगतात. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, तेव्हापासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे तसाच अडकलेला राहू शकतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. झोपेच्या कितीतरी तक्रारी तेवढ्यावर मिटतात.

उलटी तक्रारही असते, झोपतो पण उठतच नाही. दिवा लागतो, पडदा काळा. घाबरून जाऊ नका. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा पुष्कळदा परत येतो आणि जतन न केलेलं कामही वाचतं. तेवढ्याने झालं नाही, तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. हे वारंवार होत असेल, तर पुन्हा बोट ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे आणि बायोसकडेच जातं.

कधी दोष खरोखर वस्तूतच असतो. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं ते बहुधा पडद्याच्या कडेतल्या छोट्या चुंबकामुळे आणि कीबोर्डच्या बाजूला बसवलेल्या हॉल सेन्सरमुळे. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेला चुंबक आणि विजेचा परिणाम इथे रोज उपयोगी पडतो. बिजागरी तुटून झाकण तिरकं बसत असेल, किंवा दुरुस्तीत पडद्याची चौकट बदलताना चुंबक राहून गेला असेल, तर झाकण मिटल्याचा निरोपच पोचत नाही. ताडून पाहायचं असेल तर स्टार्टमधून हाताने ‘स्लीप’ द्या. तसा नीट झोपतो आणि झाकणाने नाही, तर दोष झाकणाकडे आहे. उलट, चुंबकाचं बटण असलेलं फोनचं कव्हर कीबोर्डशेजारी ठेवल्यावर चालता लॅपटॉप अचानक झोपला, तरी तो याच सेन्सरचा खेळ.

रोजच्या प्रवासासाठी माझा सल्ला मात्र एका वाक्याचा आहे: सॅकमध्ये ठेवताना झोपेवर विसंबू नका, हायबरनेट वापरा. विंडोजने तो पर्याय लपवून ठेवलेला असतो. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा, वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा, खाली ‘हायबरनेट’वर खूण करा. मग बॅटरीवर असताना झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, असं त्याच ठिकाणी ठरवता येतं. एसएसडी असेल तर उठायला थोडेच सेकंद जास्त लागतात. आणि सॅकमध्ये टाकण्यापूर्वी चार्जर काढून मगच झाकण मिटा. आधी मिटून मग चार्जर काढला, तर चार्जरवरचा नियम लागू होऊन यंत्र जागं राहिलेलं असू शकतं.

हे सगळं शिकायला लांब जावं लागतं असं नाही. केंदूरशेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या आग्रहातून. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, यंत्रदुरुस्ती करता करता विज्ञान शिकावं, हा त्यांचा विचार. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या ‘फॅब लॅब’ म्हणजे वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी एक तिथे उभी राहिली. ज्या पंचक्रोशीत ही परंपरा आहे, तिथल्या मुलांना ‘स्लीपस्टडी’चा अहवाल वाचणं अवघड जाऊ नये. शाळेतल्या संगणकाच्या तासाला पेंटमध्ये झेंडा रंगवून झाल्यावर एकदा ही काळी खिडकी उघडून दाखवावी, अशी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी एक धोका, ज्याला घरगुती उपाय नाही. न झोपणारा लॅपटॉप सॅकमध्ये महिनोन् महिने तापत राहिला, तर लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधी फुगते. ‘पॉवरसीएफजी’पुढे ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून आज्ञा दिली, की बॅटरी नवी असताना किती वीज धरायची आणि आता किती धरते, हे दोन्ही आकडे मिळतात. निम्म्यावर आली असेल तर बदलायचा विचार करा. टचपॅड वर उचललं गेलं असेल, खालचं आवरण टेबलावर नीट टेकत नसेल, झाकण मिटत नसेल, तर बॅटरी फुगल्याची शक्यता मोठी. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, दाबू नका, बॅटरी टोचू नका. बंद करून जाणत्या कारागिराकडून बॅटरी काढून घ्या. आणि बाकी कुठल्याही झोपेच्या तक्रारीसाठी दुकानात जाल तेव्हा या अहवालांची प्रत बरोबर न्या. ती न पाहताच कोणी फॉरमॅट सुचवला, तर लॅपटॉप तिथे ठेवू नका, दुसरं दुकान गाठा.